जपानी अ‍ॅनिमे परदेशी कलावंतांना जमते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅनिमे आवडीने पाहणाऱ्या आणि त्या धर्तीवर स्वतः काही करू पाहणाऱ्या वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. अस्सल कोणते आणि नक्कल कोणती, हा वाद बहुतेक वेळा पात्रांच्या चेहऱ्यांवरून सुरू होतो आणि निर्मात्याच्या पासपोर्टवर येऊन थांबतो. प्रत्यक्ष काम कसे चालते, याची चर्चा मात्र क्वचितच होते. खालील उत्तरांत भर आहे तो त्या कामावर.

अ‍ॅनिमे नेमके कशाला म्हणायचे?

जपानमध्ये हा शब्द कोणत्याही अ‍ॅनिमेशनपटासाठी वापरतात, मग तो डिस्नेचा का असेना. जपानबाहेर मात्र ‘जपानमध्ये तयार झालेले अ‍ॅनिमेशन’ असा त्याचा अर्थ रूढ झाला आहे. हा अर्थ धरला तर परदेशी कलावंताला ते जमेल का, या प्रश्नाचे उत्तर व्याख्येतच ‘नाही’ असे ठरून जाते आणि पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. म्हणून येथे अ‍ॅनिमे म्हणजे १९६० च्या दशकापासून जपानी दूरचित्रवाणी मालिकांच्या धकाधकीत घडत गेलेली, रेखाटनाची आणि पडद्यावरचा वेळ हाताळण्याची पद्धत, असे धरले आहे. पद्धत म्हटली की ती शिकता येते, अर्धवट शिकता येते आणि चुकीचीही शिकता येते.

मोठे डोळे, टोकदार केस आणि कपाळावर घामाचा थेंब काढला की अ‍ॅनिमे होते का?

होत नाही. ही चिन्हे उचलायला सर्वांत सोपी असतात आणि म्हणूनच ती सर्वांत आधी उचलली जातात. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सची ‘टोटली स्पाइज’ आणि अमेरिकेची ‘टीन टायटन्स’ या मालिकांनी ती मुक्तपणे वापरली. ‘टीन टायटन्स’ने तर शीर्षकगीतही ‘पफी अमियुमी’ या जपानी गायिकांच्या जोडीकडून गाऊन घेतले. या मालिका मजेदार होत्या आणि आपण जपानी असल्याचा त्यांचा दावाही नव्हता. पण त्यांतील ही चिन्हे अलंकारासारखी वरून घातलेली होती. उलट बाजूने पाहिले तर इसाओ ताकाहाता यांच्या २०१३ च्या ‘कागुयाहिमे’ चित्रपटात जलरंग आणि कोळशासारख्या रेषा आहेत, टोकदार केस नाहीत; तरीही त्याच्या अ‍ॅनिमे असण्याबद्दल कोणी शंका घेत नाही. तेव्हा चेहऱ्याची ठेवण ही काही कसोटी नव्हे.

मग अनुकरण करायचे ते कशाचे?

सर्वांत आधी वेळेचे. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी असतात. प्रत्येक चित्र दोन चौकटी टिकले तर सेकंदाला १२ रेखाटने लागतात आणि तीन चौकटी टिकले तर ८. ओसामु तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमु’, म्हणजे जगाला ठाऊक असलेला ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’, १ जानेवारी १९६३ रोजी फुजी टीव्हीवर सुरू झाली, तेव्हा दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग देण्यासाठी त्यांच्या मुशी प्रॉडक्शनकडे ना पुरेसा पैसा होता, ना पुरेसे हात. त्यामुळे रेखाटने तीन-तीन चौकटी धरून ठेवणे, एकदा काढलेल्या हालचाली जपून ठेवून पुढच्या भागांत पुन्हा वापरणे, फक्त तोंड हलवणे, स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवणे असे उपाय त्यांनी योजले. ही सारी काटकसर होती, आणि ती तशीच राहिली असती तर आज तिच्याबद्दल लिहिण्याचे काही कारण नव्हते.

खरी गोष्ट पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत घडली. मुशीमध्येच तयार झालेले दिग्दर्शक ओसामु देझाकी यांनी १९७० च्या ‘अशिता नो जो’ या मुष्टियुद्धाच्या मालिकेपासून स्थिर चित्राला भावनेच्या शिखरावर नेऊन बसवले. नेमक्या क्षणी हालचाल थांबते, पडद्यावर रंगवलेल्या चित्रासारखी चौकट गोठते, आणि हालचाल चालू राहिली असती तर जे निसटले असते ते प्रेक्षकाला नीट पाहता येते. योशिनोरी कानादा यांनी मधली रेखाटने मुद्दाम गाळून एका ताठर, अतिशयोक्त पवित्र्यातून थेट दुसऱ्या पवित्र्यात उडी मारण्याची रीत आणली, आणि तिच्यामुळे कमी चित्रांतही अंगावर येणारा वेग मिळाला. इचिरो इतानो यांनी १९८२ च्या ‘माक्रोस’मध्ये धुराच्या रेघा सोडत वळणे घेणाऱ्या क्षेपणास्त्रांची जी गुंतागुंत रेखाटली, तिला आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. मित्सुओ इसो यांनी इनबिटवीन, म्हणजे मुख्य रेखाटनांमधली भरतीची रेखाटने, करणाऱ्यावर काही न सोपवता प्रत्येक रेखाटन स्वतःच करायचे, मात्र संख्या मोजकीच ठेवायची, असा मार्ग काढला. या चौघांचे हात एकमेकांपेक्षा अगदी वेगळे आहेत, पण कोणते चित्र काढायचे नाही, हा निर्णय चौघांच्याही कामाच्या मुळाशी आहे.

परदेशी अनुकरण बहुतेक वेळा फसते ते याच ठिकाणी. पूर्ण, गुळगुळीत हालचालीच्या परंपरेत शिकलेल्या अ‍ॅनिमेटरला रिकामी जागा दिसली की ती भरावीशी वाटते. त्याचे पात्र बोलताना खांदे उडवते, भुवया नाचवते, हात हलवते. अ‍ॅनिमेतील पात्र त्याच प्रसंगात पाठमोरे उभे असते, वाऱ्याने फक्त केस हलतात आणि संवाद आभाळाच्या चित्रावर ऐकू येतो. बाहेरून हा आळस वाटतो, आणि खरे सांगायचे तर कित्येकदा तो आळसच असतो. पण कसलेल्या दिग्दर्शकाच्या हाती त्याच स्थिरतेचे दिग्दर्शन होते.

संवाद आधी ध्वनिमुद्रित होतात की चित्रे आधी तयार होतात?

हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण फरकाचा मोठा भाग त्यात दडलेला आहे. अमेरिकेत सहसा आवाज आधी ध्वनिमुद्रित होतो आणि अ‍ॅनिमेटर त्या अभिनयावर हालचाल बसवतो; त्यामुळे ओठांचे आकार बारकाईने जुळतात आणि संपूर्ण देहबोली आवाजाच्या मागे चालते. जपानमध्ये सामान्यतः चित्रे, निदान त्यांचा कच्चा आराखडा, आधी तयार होतो आणि कलाकार पडद्याकडे पाहून आवाज देतात. मिटलेले, अर्धे उघडे आणि पूर्ण उघडे, एवढ्या तीन ओठांवर काम भागते. याचा परिणाम असा की दृश्याची लय स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांचा चित्रमय आराखडा, काढणाऱ्या दिग्दर्शकाच्या हाती राहते. १९८८ च्या ‘अकिरा’साठी संवाद आधी ध्वनिमुद्रित केले होते आणि त्याची हालचालही वेगळी दिसते, जपानमध्ये तो अपवाद मानला जातो. परदेशी निर्मात्याने जपानी चेहरे घेतले पण आवाज आधी घेण्याची आपली सवय सोडली नाही, तर त्याच्या कामात जे काहीतरी खटकत राहते त्याचे कारण बहुधा हेच असते.

पण जपानी शैली स्वतः तरी पूर्णपणे जपानी आहे का?

नाही, आणि तसे ती कधीच नव्हती. तेझुका डिस्ने आणि फ्लायशर बंधूंचे चित्रपट पाहून घडले. चीनमधील वान बंधूंचा १९४१ चा ‘लोखंडी पंख्याची राजकन्या’ हा चित्रपटही त्यांनी किशोरवयात पाहिला होता. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या तोएई दोगा या स्टुडिओला पूर्वेचे डिस्ने व्हायचे होते, आणि १९५८ चा त्यांचा पहिला रंगीत पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट चिनी दंतकथेवर बेतलेला होता. पुढे ताकाहाता, हायाओ मियाझाकी आणि योइची कोताबे यांनी १९७३ मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन आल्प्समधील गावे, घरे, गवत आणि शेळ्या पाहून घेतल्या आणि १९७४ मध्ये ‘हायडी’ ही मालिका उभी केली. युरोपातील प्रेक्षकांच्या पिढ्या या जपानी हायडीवर वाढल्या. जपानी कलावंतांना स्वित्झर्लंड जमले का, हा प्रश्न त्यांना फारसा कोणी विचारला नाही, कारण उत्तर पडद्यावर दिसत होते. परदेशी माणसाने अ‍ॅनिमे करण्याबद्दल आक्षेप घेणाऱ्यांनी हे उदाहरण विचारात घ्यावे, असे वाटते.

‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ला अ‍ॅनिमे म्हणावे का?

सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न हाच आहे. मायकेल दान्ते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झको या दोन अमेरिकनांनी निकलोडियनसाठी केलेली ही मालिका २००५ ते २००८ या काळात प्रसारित झाली. लेखन आणि स्टोरीबोर्ड अमेरिकेत झाले. अ‍ॅनिमेशनचे काम दक्षिण कोरियातील डीआर मूव्ही, जेएम अ‍ॅनिमेशन आणि एमओआय या स्टुडिओंनी केले. त्यांपैकी डीआर मूव्हीला जपानी अ‍ॅनिमेची उपकंत्राटे करण्याचा मोठा अनुभव होता. थोडक्यात, ज्या हातांनी जपानी मालिकांची रेखाटने केली त्यांतलेच काही हात येथेही होते.

तरीही ‘अवतार’चे यश जपानी ढंगापेक्षा तिने केलेल्या अभ्यासात अधिक आहे. जल, पृथ्वी, अग्नी आणि वायू या तत्त्वांवरील प्रभुत्वाच्या चार रीती अनुक्रमे ताइ ची, हुंग गार, उत्तर शाओलिन आणि बागुआ या चिनी युद्धकलांवरून घेतल्या आहेत. त्यासाठी युद्धकलेच्या शिक्षकाला सल्लागार नेमले होते आणि पडद्यावर दिसणारी चिनी अक्षरेही जाणकाराकडून लिहून घेतली होती. त्यामुळे प्रत्येक पात्राच्या उभे राहण्यातच त्याचा स्वभाव दिसतो. ही मालिका अ‍ॅनिमे आहे की नाही, यावर जेवढी शाई खर्च झाली तेवढी या पवित्र्यांवर झाली असती, तर नव्या कलावंतांना जास्त उपयोग झाला असता.

पुढची गंमत अशी. ‘द लेजंड ऑफ कोरा’ या उत्तरमालिकेचे पहिले पर्व सोलच्या स्टुडिओ मीरने केले. २०१३ च्या दुसऱ्या पर्वातील सुरुवातीचे बरेच भाग मात्र स्टुडिओ पिएरो या प्रख्यात जपानी स्टुडिओने केले, आणि नेमक्या याच भागांतील हालचाल उतरल्याची तक्रार चाहत्यांनी केली. मीरकडे काम परत आल्यावर त्यांना हायसे वाटले. एका अमेरिकन मालिकेतले जपानी स्टुडिओने केलेले भाग कोरियन भागांपेक्षा ‘कमी अ‍ॅनिमे’ वाटावेत, या घटनेनंतर राष्ट्रीयत्वाच्या कसोटीवर विसंबून राहणे अवघड आहे.

बरेचसे जपानी अ‍ॅनिमे जपानबाहेरच रेखाटले जाते, हे खरे का?

मोठ्या प्रमाणात खरे आहे. मुख्य रेखाटनांमधली इनबिटवीन आणि रंगभरणी ही कामे अनेक दशकांपासून दक्षिण कोरिया, चीन, फिलिपिन्स आणि व्हिएतनामकडे जातात. तोएईची तर फिलिपिन्समध्ये स्वतःची कंपनी आहे. देवाणघेवाण उलट दिशेनेही चालते. टॉपक्राफ्ट या जपानी स्टुडिओने १९८२ चा ‘द लास्ट युनिकॉर्न’ अमेरिकन निर्मात्यांसाठी अ‍ॅनिमेट केला आणि दोनच वर्षांनी त्याच स्टुडिओत मियाझाकींचा ‘नाउशिका’ तयार झाला. मात्र एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. बाहेर जातात ती मुख्यतः अंमलबजावणीची कामे. स्टोरीबोर्ड, दृश्याची मांडणी, मुख्य रेखाटनांचा मोठा भाग आणि सगळ्यांचे हात एकसारखे दिसावेत म्हणून ती रेखाटने दुरुस्त करणाऱ्या अ‍ॅनिमेशन दिग्दर्शकाचे काम सामान्यतः जपानमध्येच राहते. ‘सगळे बाहेरच तर होते’ असे म्हणणाऱ्यांच्या नजरेतून हा भेद निसटतो.

परदेशी माणूस जपानमध्ये जाऊन तिथल्या पद्धतीने काम करू लागला तर?

तेव्हा हा वाद बहुतेक मिटतो. मायकेल एरियस या अमेरिकन दिग्दर्शकाने स्टुडिओ ४ सी मध्ये २००६ साली ‘तेक्कोनकिंक्रीत’ हा चित्रपट केला. तो ताइयो मात्सुमोतो यांच्या मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, आधारित होता आणि त्याला जपानी अकादमीचा सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचा पुरस्कार मिळाला. एरियस यांना हे साधले त्यामागे टोकियोत काढलेली अनेक वर्षे, भाषेवरील पकड आणि त्या एकाच कथेचा दीर्घकाळ केलेला पाठपुरावा होता.

थॉमस रोमँ या फ्रेंच कलावंताची वाट थोडी वेगळी आहे. फ्रान्समध्ये ‘कोड लायोको’च्या निर्मितीत सहभागी झाल्यावर ते ‘ओबान स्टार-रेसर्स’ या फ्रेंच-जपानी मालिकेसाठी टोकियोला गेले आणि पुढे तिथेच राहून जपानी मालिकांसाठी काम करू लागले. ही ‘ओबान’ मालिका या विषयातील उत्तम पाठ आहे. तिचे कर्ते साव्हँ यीटमन-आयफेल यांनी रेखाटनांचा नुसता गठ्ठा जपानला पाठवला नाही. फ्रेंच आणि जपानी कलावंत एका छताखाली बसले. सायन्स सारू हा स्टुडिओ तर २०१३ मध्ये मासाआकी युआसा यांच्याबरोबर दक्षिण कोरियाच्या उनयंग चोई यांनी स्थापन केला, आणि तिथेच आबेल गोंगोरा या स्पॅनिश दिग्दर्शकाने २०२३ मध्ये एका कॅनेडियन चित्रकादंबरीवर आधारित ‘स्कॉट पिल्ग्रिम टेक्स ऑफ’ केली. टोकियोतील डार्ट श्ताजियो हा स्टुडिओ काढणारे आर्थेल आयसम हे अमेरिकन असून पार्श्वचित्रांचे काम ते हिरोमासा ओगुरा यांच्याकडे शिकले. या सर्वांमध्ये एक समान धागा आहे. या लोकांनी तयार माल पाहून मागे जात पद्धत ओळखण्याचा प्रयत्न केला नाही. ती जिथे चालते तिथे ते जाऊन बसले.

जपानला न जाता ते जमणार नाही, असा याचा अर्थ होतो का?

नाही, पण अंतर पार करण्याचे श्रम वाढतात. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील पॉवरहाउस या स्टुडिओने २०१७ पासून ‘कॅसलव्हेनिया’ ही मालिका केली. जपानी व्हिडिओ गेमवरील या मालिकेची मारामारीची दृश्ये जपानी अ‍ॅक्शन अ‍ॅनिमेचा कसून अभ्यास करून बेतलेली आहेत, आणि ते जाणवते. संवाद मात्र इंग्रजी नाटकासारखे लांब आणि बोचरे आहेत. मला हे मिश्रण प्रामाणिक वाटते. फ्रान्सच्या जेरेमी पेरँ यांच्या २०२३ च्या ‘मार्स एक्सप्रेस’ या विज्ञानपटातही १९९० च्या दशकातील जपानी विज्ञानपटांचे ऋण उघड दिसते, पण त्यातील गुप्तहेरकथा फ्रेंचच राहते. मंटी ओम यांची ‘रूबी’ ही २०१३ ची अमेरिकन वेबमालिका तांत्रिकदृष्ट्या सुरुवातीला बरीच ओबडधोबड होती. तरीही मारामारीच्या लयीची तिला इतकी जाण होती की ती जपानी आवाजांसह जपानमध्ये गेली आणि २०२२ मध्ये शाफ्ट या जपानी स्टुडिओने त्याच विश्वावर स्वतंत्र मालिका केली. म्हणजे नक्कल समजल्या गेलेल्या कृतीवर मूळ उद्योगानेच काम केले.

चीन आणि कोरियातील निर्मात्यांचे काय?

या प्रश्नाचे उत्तर दर वर्षी बदलते आहे. २०१८ चा ‘फ्लेव्हर्स ऑफ यूथ’ हा चीनच्या हाओलाइनर्स आणि जपानच्या कॉमिक्स वेव्ह फिल्म्स यांनी मिळून केलेला तीन कथांचा चित्रपट. जपानी दिग्दर्शक मकोतो शिनकाई यांच्या कामाने प्रभावित झालेल्या ली हाओलिंग यांचा त्यात पुढाकार होता. आभाळ, प्रकाशाची तिरीप आणि स्वगतात बोलणारा नायक असे शिनकाई यांचे सारे काही त्यात आहे, आणि काही ठिकाणी ते उसने वाटते. पण तांदळाच्या शेवयांची वाटी आणि ती करणारी माणसे पडद्यावर येतात किंवा शांघायच्या जुन्या दगडी चाळींमधले आयुष्य दिसते, तेव्हा चित्रपटाला स्वतःचा आवाज सापडतो. २०१९ चा ‘लो शाओहेइ’ या मांजर-पिशाच्चाचा चिनी चित्रपट पूर्ण जपानी आवाजांसह जपानच्या चित्रपटगृहांत चालला. कोरियन कथेवरील ‘सोलो लेव्हलिंग’ ही मालिका जपानी स्टुडिओने केली. तिच्या जपानी आवृत्तीत पात्रांची नावे जपानी झाली, तर इतरत्र ती कोरियनच राहिली. अशा मालिकेला कोणत्या देशाची म्हणायचे, हे ठरवण्याचा हट्ट सोडून द्यावा हे बरे.

भारतात असा प्रयत्न झाला आहे का?

झाला आहे, आणि तो अनेकांना वाटतो त्यापेक्षा जुना आणि मोठा आहे. युगो साको हे जपानी माहितीपटकार १९८३ च्या सुमारास उत्तर प्रदेशातील उत्खननांवर चित्रीकरण करत होते. तेव्हा त्यांची रामकथेशी ओळख झाली आणि ती अ‍ॅनिमेशनमध्येच नीट सांगता येईल, असे त्यांच्या मनाने घेतले. परदेशी माणूस रामायणाचे ‘कार्टून’ करणार या बातमीने विरोध झाला, विश्व हिंदू परिषदेनेही आक्षेप नोंदवला, आणि अखेर निर्मिती जपानमध्ये करावी लागली. भारतीय बाजूने राम मोहन सहदिग्दर्शक होते. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५० च्या दशकात डिस्नेच्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली ते तयार झाले होते. संगीत वनराज भाटिया यांचे होते.

‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा चित्रपट १९९३ मध्ये दाखवला गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये नव्या प्रतीसह भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा आला. त्यातील झाडे, आभाळ, अरण्यातील प्रकाश आणि युद्धाची भव्यता जपानी स्टुडिओंच्या हातची आहे, तर धोतर कसे नेसायचे, नमस्कार कसा करायचा, राजसभेत कोणी कुठे बसायचे याबाबत भारतीय कलावंतांनी जपानी सहकाऱ्यांना मार्गदर्शन केले. अनुकरणाचा प्रश्न येथे दोन्ही बाजूंनी उभा होता. जपानी माणसाला राम जमेल का आणि डिस्नेच्या वळणाच्या भारतीयाला जपानी पद्धत जमेल का, असे ते दोन प्रश्न होते. दोघांनी एकमेकांना दुरुस्त करण्याची मुभा दिली म्हणून चित्रपट उभा राहिला, असे माझे मत आहे. त्यातील काही चेहरे मात्र आजही मला भारतीय न वाटता त्या काळच्या जपानी साहसकथांतले वाटतात. राम-लक्ष्मण पाहताना हे विशेष जाणवते.

दुसरा प्रयोग म्हणजे २०१२ मध्ये कलर्स वाहिनीवर आलेली ‘सूरज : द रायझिंग स्टार’. १९६० च्या दशकातील ‘क्योजिन नो होशी’ या जपानी बेसबॉल-मांगाचे हे भारतीय रूपांतर होते. नायक मुंबईच्या झोपडपट्टीतला आणि खेळ अर्थातच क्रिकेट. मूळ कथेत बाप मुलाच्या अंगावर सराव म्हणून स्प्रिंगांचे साधन चढवतो. भारतीय आवृत्तीत त्याजागी सायकलच्या ट्यूब आल्या. कल्पना चांगली होती, पण मालिका फारशी रुजली नाही.

भारतीय प्रेक्षकाला जपानी आणि परदेशी काम वेगळे ओळखू येते का?

आमच्या पिढीला तरी येत नव्हते. दूरदर्शनवर १९९० च्या दशकात रविवारी लागणारी ‘जंगल बुक’ ही निप्पॉन अ‍ॅनिमेशनची १९८९ ची मालिका होती. गुलजार यांच्या शब्दांना विशाल भारद्वाज यांनी चाल दिलेले हिंदी शीर्षकगीत तिला लाभले आणि मोगली घराघरांतला झाला. मुंबईत जन्मलेल्या इंग्रज लेखकाची मध्य भारतातील जंगलाची कथा जपानी हातांनी रेखाटलेली आहे, हे त्या वेळी महाराष्ट्रातील किती मुलांना ठाऊक असेल? आजचा तरुण प्रेक्षक मात्र अ‍ॅनिमेटरांची नावे पाठ असलेला आहे आणि तो लयीतली चूक लगेच पकडतो. नव्या निर्मात्यांसाठी ही चांगली बातमी आहे, कारण चांगले काम केले तर ते ओळखले जाईल.

दुसऱ्याची शैली उचलणे कायद्याने गुन्हा ठरतो का?

शैलीवर कोणाचा मालकी हक्क नसतो. हक्क असतो तो विशिष्ट अभिव्यक्तीवर. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात कल्पना आणि तिची अभिव्यक्ती यांतील हा भेद स्पष्ट केला आहे. त्यामुळे मोठे डोळे किंवा गोठलेली चौकट कोणीही वापरू शकते. दुसऱ्याचे ठरावीक पात्र, त्याची वेशभूषा आणि दृश्य जसेच्या तसे उचलता येत नाही. प्रत्यक्ष वादाच्या प्रसंगी वकिलाचा सल्ला घ्यावा.

कृत्रिम बुद्धिमत्तेने ‘जिबली शैलीत’ केलेल्या चित्रांना अनुकरण म्हणायचे का?

मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीने अशा चित्रांची लाट आणली आणि लोकांनी आपल्या लग्नाचे, कुत्र्यांचे आणि नेत्यांचे फोटो त्या रूपात पाहिले. त्या वेळी जिबली या जपानी स्टुडिओचे सहसंस्थापक मियाझाकी यांचे एक जुने वक्तव्य सर्वत्र फिरले. यंत्राने घडवलेल्या एका सरपटणाऱ्या आकृतीची हालचाल पाहून २०१६ मध्ये त्यांनी तीव्र नापसंती व्यक्त केली होती आणि हा जीवनाचा अपमान आहे, असे म्हटले होते. ते वक्तव्य या चित्रांबद्दल नव्हते, हे नोंदवून ठेवले पाहिजे. माझा आक्षेप मात्र वेगळ्या कारणासाठी आहे. या पानावर ज्याला पद्धत म्हटले आहे त्यातले काहीच त्या चित्रांत नसते. ती स्थिर असतात, त्यांत वेळ हाताळलेला नसतो आणि कोणते चित्र गाळायचे याचा निर्णय कोणी घेतलेला नसतो. जिबलीच्या रंगांची छटा तेवढी उरते, आणि वर म्हटल्याप्रमाणे ती उचलायला सर्वांत सोपी असते.

मराठी तरुण कलावंताने अ‍ॅनिमेच्या वाटेने जायचे ठरवले तर सुरुवात कुठून करावी?

आवडत्या पात्रांची चित्रे नकलून काढणे वाईट नाही, पण तेवढ्यावर थांबू नये. एखादे दहा सेकंदांचे दृश्य घ्यावे, ते चौकटीगणिक पुढे सरकवावे आणि कोणते रेखाटन किती चौकटी टिकले आहे, याचा तक्ता स्वतः लिहून काढावा. जपानी स्टुडिओत ज्या टाइमशीटवर हे काम चालते, तिचे वळण अशा सरावाने हाताला लागते. त्यानंतर तेच दृश्य निम्म्या रेखाटनांत करून पाहावे. मग आवाज बंद करून पाहावे, आणि शेवटी चित्र न पाहता नुसता आवाज ऐकावा. दोन्हींतला कोणता भाग कोणता भार उचलतो, ते कळते.

विषयाबाबत एवढेच सुचवता येईल की जपानी शाळेचे गच्चीवरचे जेवण आणि चेरीचा बहर आपल्याकडून न झालेलाच बरा. ती दृश्ये जपानी कलावंतांनी आपल्या लहानपणातून काढली आहेत. स्थिर चित्र आणि कथेकऱ्याचा आवाज यांवर चालणारे कथन आपल्याकडेही आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरत रामायण-महाभारतातील आख्याने गातात. जपानमध्ये १९३० च्या दशकात रस्त्यारस्त्यांवर लाकडी चौकटीत चित्रे सरकवत गोष्टी सांगणारे कामिशिबाईवाले होते, आणि पुढच्या मांगाकारांपैकी काहींनी त्या धंद्यात हात घडवला. पिंगुळीच्या पोथीतील एका चित्रावर कथेकरी किती वेळ थांबतो, कुठे गाणे लांबवतो आणि कुठे झटकन पुढचे चित्र काढतो, याची नोंद तरुण अ‍ॅनिमेटरने जरूर करावी. टाइमशीट भरताना ती थेट उपयोगी पडते.